पहाटेचा स्पीकर बंद ठेवा, दयाळचं गाणं चालू आहे

संपादक साहेब, नमस्कार.

मी रोज पहाटे सेमिनरी हिल्सला फिरायला जातो. मार्चपासून तिथं एका वाळक्या सागाच्या शेंड्यावर दयाळ गाऊन राहिला आहे, काळा-पांढरा, शेपटी वर, लांब शीळ घालतो अन् मधातच दुसऱ्या पाखराची नक्कल पण करतो. खाली झुडपात राखाडी मादी गपचूप बसून असते. मागच्या रविवारी फिरायला आलेल्या एका ग्रुपनं तिथंच बाकावर मोठा ब्लूटूथ स्पीकर लावला, दयाळनं दोनदा सुरू करून पाहिलं अन् मग उडूनच गेला. मला खरंच लय वाईट वाटलं.

आपल्याला वाटतं पाखरू मजेत गाते, पण बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांमधे मादी नर निवडते ते गाणं ऐकूनच. पिल्लू असताना उपासमार झाली तर गाणं नीट शिकता येत नाही, कारण गाण्याचा मेंदू त्याच वयात तयार होतो, म्हणजे चांगलं गाणं ही एक प्रकारे त्याच्या लहानपणाची खूणच झाली. स्वीडनमधल्या ग्रेट रीड वॉर्बलर नावाच्या पाखरावर 1996 मधे संशोधन छापून आलं, त्यात जोडी जमलेल्या माद्या पण शेजारच्या जास्त सूर येणाऱ्या नराकडे जायच्या अन् अशा नरांची पिल्लं जास्त जगायची.

आता आवाजाचं सांगतो. नेदरलँड्सच्या लायडन शहरात गोंगाटाच्या जागचे ग्रेट टिट नावाच्या छोट्या पाखराचे नर वरच्या पट्टीत गातात असं 2003 मधे दिसलं, कारण गाड्यांच्या घरघरीत खालचे सूर बुडतात. पण पुढं 2011 मधे कळलं की त्या माद्यांना खालच्या पट्टीतलंच गाणं आवडते! म्हणजे नरानं करावं तरी काय, खाली गायलं तर तिला ऐकू येत नाही अन् वर गायलं तर तिला पटत नाही.

रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकरला बंदी आहेच, पण पाखरांचा खरा जोर उजाडताना असतो, सहानंतर पण बराच वेळ चालते. म्हणून सेमिनरी हिल्स, अंबाझरी, गोरेवाड्याकडं फिरणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, जूनपर्यंत तरी सकाळी स्पीकर घरीच ठेवा, गाणी ऐकायचीच असतील तर इयरफोन लावा.

त्या सागावर दयाळ काल परत आला होता, मादी पण खालीच होती.

— एक वाचक, नागपूर