भूक वाढवणारी पावडर आणण्याआधी गायीचं पोट तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीन निघालं, बांधावरचं हिरवं गवत सुकलं, की आपल्या भागातली गुरं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि कडब्यावर येतात. पंधरा दिवस होत नाहीत तोच तक्रार सुरू होते: गाय खात नाही, दूध उतरलं. लगेच ढेपेच्या दुकानातून भूक वाढवणारी पावडर येते. तिच्यात काय असतं आणि ते कुठे लागू पडतं, हे पशुपालकाला कोणी सांगत नाही. त्यासाठी हे पत्र.

गायीचा चारा मुळात पचवतात ते तिच्या कोटीपोटातले, म्हणजे चारा साठून आंबतो त्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के असतात. एकूण आहारात ती साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की या सूक्ष्मजीवांनाच नत्र पुरत नाही. मग चारा पोटात रेंगाळतो, पोट भरलेलंच राहतं आणि गाय दावणीतून तोंड काढते. अशा गायीला कोणतीही पावडर चारली तरी पैसे वाया जातात. तिला रोज किलोभर सरकी ढेप दोन वेळा विभागून द्या, गव्हांड्यासोबत (गव्हाच्या भुशासोबत) तुरीचं कुटार मिसळा. ढेप सुरू करताना पाव किलोपासून चढवत जा आणि चारा बदलायला १०-१२ दिवस घ्या. लहान वासरांना मात्र सरकी ढेप घालू नका. त्यातलं गॉसिपॉल हे सरकीचं विषारी द्रव्य त्यांना बाधतं.

याच्या उलट प्रकार होतो जास्त दुधाच्या संकरित गायीचा. तिला आंबोण (दाणा-ढेपेचा खुराक) भरपूर, चारा कमी, आणि कुट्टी इतकी बारीक की रवंथाला काही उरत नाही. रवंथ कमी म्हणजे लाळ कमी, आणि कोटीपोटातलं आम्ल मारणारा नैसर्गिक सोडा लाळेतच असतो. सामू (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली घसरला की चारा पचवणारे सूक्ष्मजीव मरगळतात, शेण पातळ, फेसाळ पडतं, त्यात मक्याचे अख्खे दाणे दिसतात. मूठभर शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा, दाणे लगेच दिसतील. अशा पावडरीतला खाण्याचा सोडा कामाचा आहे तो या गायीला: आंबोणाच्या १ ते १.५ टक्के, म्हणजे ५ किलो आंबोणाला ५० ते ७५ ग्रॅम, दोन्ही वेळच्या आंबोणात मिसळून. जास्त टाकला तर चव बिघडून ती आंबोणच सोडते. कुटारावरच्या गायीला सोड्याची गरज नाही, कारण तिचा सामू मुळात खाली गेलेलाच नसतो. आणि विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत सोडा बंदच ठेवा. त्यातल्या सोडियममुळे विल्यानंतर दूधज्वराचा (रक्तातलं कॅल्शियम घटून गाय बसते तो आजार) धोका वाढतो. ही गोष्ट पाकिटावर छापलेली क्वचितच आढळते.

पावडरीतल्या जिवंत यीस्टचंही असंच. ते कोटीपोटात शिरलेला प्राणवायू वापरून टाकतं, त्यामुळे तंतू पचवणारे आणि लॅक्टिक आम्ल खाणारे सूक्ष्मजीव वाढतात. पण फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि यीस्ट जिवंत असेल तरच. आपल्याकडे आंबोण शिजवून देतात आणि वाफाळत्या घमेल्यातच पावडर टाकतात. तिथेच ते मरतं. आंबोण हाताला गार लागल्यावरच मिसळा. टिनाच्या छपराखाली एप्रिल-मे काढलेलं पाकीट घेऊ नका.

ढेपेला बुरशी लागली असेल तर गोष्ट वेगळी. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृताला मारतं, भूक घालवतं आणि दुधात उतरतं. दुधातल्या त्याच्या एम-१ या रूपाची कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. बेंटोनाइटसारखा बाइंडर हे विष आतड्यात धरून शेणावाटे काढतो. पण तो बुरशी मारत नाही आणि सगळ्या प्रकारच्या बुरशीविषांवर चालत नाही. काळी पडलेली, कुबट ढेप बाइंडर घालून चारणं चूकच. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचली तर पावसाळ्यात बाइंडरवरचा बराच खर्च वाचतो.

हाडं, चामडं, माती चघळणाऱ्या गुरांत बहुधा स्फुरदाची (फॉस्फरसची) उणीव असते. कडबा आणि गव्हांडा यांत ते कमीच असतं. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ द्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत बंद करू नका.

चिरायता, सुंठ, ओवा असलेल्या कडू चूर्णांनी लाळ सुटते. दोन-तीन दिवस देऊन पाहायला हरकत नाही, त्यापुढे दिलीत तर आजार झाकला जातो. नुकती विलेली गाय आंबोण सोडते पण कडबा खाते, तोंडाला गोडसर वास येतो, तेव्हा किटोसिसची (ऊर्जा कमी पडून अंगातली चरबी जळण्याने होणारा आजार) शंका घ्या. ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर असेल, किंवा डाव्या कुशीत मूठ दाबून दोन मिनिटांत कोटीपोटाच्या हालचालीच्या दोन-तीन लाटाही हाताला लागत नसतील, तर पावडर बाजूला ठेवून १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन करा.

प्रतिजैविकांबद्दल स्पष्ट लिहितो. जुलै २०१९मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या पशुखाद्यातल्या वापरावर बंदी घातली. युरोपीय संघाने तर वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं १ जानेवारी २००६पासून थांबवलं. तोंडावाटे दिलेलं प्रतिजैविक गायीच्या कोटीपोटातले उपयोगी सूक्ष्मजीवही मारतं आणि उरलीसुरली भूक जाते. कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवणीवर मोनेन्सिनसारखं औषध असू शकतं. ते घोड्या-गाढवांना थोडंही जीवघेणं ठरतं. उरलेलं ब्रॉयलर खाद्य त्यांच्यापुढे कधीही टाकू नका. शेळ्यांनाही नको, औषधासोबत दाण्याचं अजीर्णही ठरलेलं.

आज खेड्यापाड्यांत अशा कितीतरी पावडरी मोठ्या पोत्यातून काढून साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, बिनलेबल विकल्या जातात. नाव 'टॉनिक', मात्रा 'मूठभर'. प्रत्येक पाकिटावर घटक, जिवंत सूक्ष्मजीवांची संख्या, मात्रा ग्रॅममध्ये, कोणत्या जनावराला देऊ नये ते आणि वापराची मुदत मराठीत छापणं सक्तीचं करा, सुटी विक्री बंद करा, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ढेपेची अफ्लाटॉक्सिन पट्टी-चाचणी उपलब्ध करून द्या, ही पशुसंवर्धन विभागाकडे मागणी आहे. चाचणीची सोय पावसाळ्याआधी झाली तर यंदाच्या ढेपेलाच तिचा उपयोग होईल.

आपला,
एक पशुवैद्यक, आर्वी, जि. वर्धा