रविवारी लेथवर शाईपेन : तुकडे घेऊन या

सदस्यहो, येत्या रविवारी सकाळी साडेनऊला नेहमीच्या शेडमध्ये भेटतोय. या वेळी विकतचा रॉड कुणीही आणायचा नाही. घरात, कारखान्यात उरलेल्या तुकड्यांतूनच पेन करायचं. अ‍ॅक्रिलिक, एबोनाइट, कोरियनचे (स्वयंपाकाच्या ओट्याला बसवतात तो कृत्रिम दगड) कटपीस, सागवान, शिसव, काहीही चालेल. बॅरलला (पेनच्या धडाला) साधारण १५ मिमी जाड, ९० मिमी लांब तुकडा लागतो, टोपणासाठी वेगळा. जुन्या बाजारात चक्कर मारणार असाल तर मोडक्या पेनांची नीब आणि जीभ (नीबखालचा, शाई पुढे आणणारा भाग) शाबूत आहे का, तेवढं बघून घ्या.

लाकूडवाल्यांनो, थेट बॅरलमध्ये शाई भरायचा हट्ट नको. लाकूड शाई पितं. आत कन्व्हर्टर (शाई भरायची छोटी, काढता येणारी नळी) बसवू. लाकडाच्या आत पितळी नळी बसवलीत, तर ती शाईला लागू देऊ नका, गंजते. अ‍ॅक्रिलिकला भोक पाडताना ड्रिल सारखं बाहेर काढून कीस झटकायचा, नाहीतर उष्णतेने वितळून ड्रिलच अडकतं. गेल्या खेपेला माझे दोन तुकडे असेच वाया गेले, आणि दोष लेथचा नव्हता! एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, तेव्हा वास येणारच, तक्रार नको.

चष्मा सक्तीचा. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी लेथजवळ चालणार नाही. पॉलिश पेपर ४०० ते २००० नंबरचा आपापला आणा. आटे पाडायचे टॅप-डाय एकच संच आहे, म्हणून आठच जण. नाव शुक्रवारपर्यंत कळवा. चहा आहे, नाश्ता करून या.