स्वमग्न मुलांच्या आयांची सतरंजी

महोदय,
माझा ९ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून कोपऱ्यात बसतो. ‘लाडावलाय’ हे ऐकून माझेच कान किटले होते. गेल्या वर्षी शहापुरात अशाच एका मुलीची आई भेटली. आता आम्ही ५ घरं रविवारी एकत्र बसतो. शिट्टीआधी त्याला सांगून ठेवायचं, ही युक्ती तिथलीच. घरी मराठी, थेरपीला कन्नड, हा गुंता मात्र अजून सुटलेला नाही! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार स्वमग्नता दिव्यांगत्वात येते आणि ‘निरामय’ योजनेत १ लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो, हेही त्या मुलीच्या आईनेच सांगितलं. त्यासाठी कुठल्या खिडकीवर जायचं, ते मात्र नाही कळलं. खानापूर, निपाणीकडून कुणी आलंच, तर सतरंजीवर जागा आहे.

– एक आई, वडगाव, बेळगाव