सूचना : वेल्डिंगच्या संध्याकाळच्या बॅचसाठी, सोमवारपासून प्रॅक्टिकल

बऱ्याच वर्षांनी पुन्हा शिकायला आलेल्या सर्वांनी, विशेषतः चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी, हे आधी वाचावे.

चष्मा घरी ठेवून येऊ नका. आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची प्रखर ज्योत) डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतो. जवळचे धूसर दिसत असेल तर वितळलेल्या धातूची कड कळत नाही, मग बीड (वेल्डिंगची धातूची रेघ) वाकडी जाते आणि दोष हाताला दिला जातो! बायफोकल असेल तर मान वर करावी लागते, म्हणून फक्त जवळचा नंबर असलेला साधा चष्मा बरा. हेल्मेटमध्ये १० नंबरची (हा काचेच्या काळेपणाचा नंबर) काच पुरेशी आहे.

कपडे जाड सुतीच हवेत, नायलॉन किंवा टेरिकॉट अजिबात नको. पँट दुमडू नये, दुमडीत ठिणगी अडकते. खिशात लायटर नको.

पहिला सराव ६ मिमी प्लेटवर, ६०१३ प्रकारचा ३.१५ मिमी वेल्डिंग रॉड, साधारण ११० अँपिअर. गंज आणि रंग ग्राइंडरने काढा, नाहीतर बीडमध्ये छिद्रे पडतात. दमट रॉडनेही तेच होते, म्हणून पाकीट उघडे टाकू नका. रॉड सारखा चिकटत असेल तर करंट कमी आहे किंवा अर्थ क्लॅम्प (मशीनची परतीची वायर प्लेटला जोडणारा चिमटा) रंगावर लावलेला आहे. चिकटलाच तर होल्डरमधून सोडवा, हेल्मेट मात्र तोंडावरच राहू द्या. आर्क साधारण ३ मिमी ठेवा. लांबला की शिंतोडे उडतात.

स्लॅग (बीडवर जमणारे कडक कवच) ठोकताना पारदर्शक गॉगल सक्तीचा. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटले तर चोळू नका, डॉक्टरांना दाखवा आणि दुसऱ्या दिवशी बॅचला सुट्टी घ्या.