घाटाची पोस्टर्स जे.जे.च्या मुलांना काढू द्या

महोदय,

जुनी रेल्वे पोस्टर्स जमवण्याचा मला नाद आहे. गेल्या पावसाळ्यात माथेरानच्या गाडीचे एक पोस्टर ‘अस्सल, १९३०च्या सुमाराचे’ म्हणून घेतले. घरी भिंग लावून पाहिले, तर आभाळाच्या निळ्यात बारीक टिपक्यांची जाळी! म्हणजे ही आजच्या यांत्रिक छपाईतली नक्कल. शिळाछापाचा (दगडावरून छापण्याची जुनी पद्धत, लिथोग्राफी) रंग असा नसतो. तो रवाळ, पण सलग बसतो. पैसे गेलेच. त्याहून लागले ते हे, की नवी पोस्टर्स कुणी काढत नाही म्हणून जुन्यांच्या नकला खपतात.

शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा पत्रा लागे. त्यामुळे अख्खा डोंगर मोजक्या रंगांत बसवायचा, नको ते गाळायचे, हे चित्रकाराला भागच होते. म्हणून ती पोस्टर्स पलीकडच्या फलाटावरूनही डोळ्यांत भरत. इंग्लंडमध्ये १९२४ साली ‘एलएमएस’ (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश) रेल्वेने चित्रकार नॉर्मन विल्किन्सनच्या पुढाकाराने रॉयल अकॅडमीच्या चित्रकारांकडून पोस्टर्स करून घेतली. आपल्याकडे तर राजा रविवर्मांची चित्रे शिळाछापात छापणारा रविवर्मा प्रेस मुंबई-पुणे मार्गावरच, मळवलीला होता.

आज स्थानकांवर घाटाचे फोटो लागतात. चांगले असतात, पण गाडी पुढे गेली की आठवत नाहीत. कर्जतला मागे बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिने, लागतात, गाडी ३७ला १ (३७ फुटांमागे एक फूट) अशा चढाला भिडते, बोगद्यातून बाहेर पडताच धुके थेट खिडकीत येते आणि खंडाळ्याजवळ ढगांतून नागफणीचा सुळका क्षणभर दिसतो. तो क्षण पकडायला चित्रकाराचाच हात हवा.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडांवरची पाने, पक्षी, प्राणी घडवण्यात तेव्हाच्या मुंबई कलाशाळेच्या, म्हणजे आजच्या जे.जे.च्या, विद्यार्थ्यांचा हात होता. ती शाळा आजही स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि शेजारीच १९३५ पासूनची उपयोजित कला संस्था आहे. रेल्वेने दरवर्षी तिथल्या मुलांना गाडीत बसवून न्यावे. एका वर्षी भोर घाट, एका वर्षी माथेरान, मग दूधसागर, रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल. पाच-सहाच रंग वापरायचे, एवढीच अट घालावी. निवडलेली चित्रे टर्मिनसपासून लोणावळ्यापर्यंत प्रत्येक स्थानकावर लावावीत, खाली चित्रकाराचे नाव ठळक द्यावे आणि त्यांच्या छापील प्रती तिकीट खिडकीजवळ विकायला ठेवाव्यात. पहिली प्रत घ्यायला मी रांगेत उभा राहीन.

— एक वाचक, बदलापूर