सामी हाझिनसेस यांचे नाव हे ‘गुपित’ नव्हते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत तुर्की चित्रपटांच्या जुन्या जमान्यावर आलेला लेख वाचला. इस्तंबूलच्या येशिलचाम गल्लीतून निघालेल्या त्या चित्रपटांबद्दल मराठीत इतके सविस्तर फारसे कोणी लिहीत नाही, त्यामुळे लेखाचे स्वागतच आहे. मात्र चरित्र अभिनेते आणि संगीतकार सामी हाझिनसेस यांच्या वाट्याला त्यात जेमतेम दोन ओळी आल्या आहेत आणि त्या दोन ओळींतही त्यांचे आर्मेनियन असणे हे मृत्यूनंतर फुटलेले एक गुपित म्हणून, काहीशा चवीने, सांगितले आहे. ओळी दोनच असल्याची तक्रार नाही. एका लेखात किती जणांना न्याय देणार? हरकत आहे ती त्या चवीला. एखाद्या कलावंताने आपले जन्मनाव उभा जन्म पडद्याआड ठेवले, तर ते का ठेवले हे न सांगता केवळ ‘लपवले’ असे म्हणणे म्हणजे ज्याच्यावर लपण्याची वेळ आली त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय.

सामुएल आगोप उलुचयान हे त्यांचे मूळ नाव. जन्म 1925चा, आग्नेय तुर्कस्तानातील दियारबाकिरचा. काळ्या बसाल्ट दगडाच्या तटबंदीने वेढलेल्या या जुन्या शहरात एके काळी आर्मेनियन, सिरियाक ख्रिस्ती, कुर्द, तुर्क आणि ज्यू यांची वस्ती शेजारीशेजारी होती. 1915 साली तिथल्या आर्मेनियन लोकांची कत्तल झाली, उरलेल्यांना देशोधडीला लावले गेले, आणि त्यातून वाचलेली थोडीफार घरे शहराच्या एका कोपऱ्यात पुन्हा सावरू लागली. त्यांच्या सुर्प गिरागोस चर्चचे पुढे काय झाले एवढे पाहिले तरी त्या समाजाची अवस्था कळते: पहिल्या महायुद्धात ते लष्कराच्या ताब्यात गेले आणि नंतर बराच काळ सरकारी कापडाचे गोदाम म्हणून वापरले गेले. सामुएलचा जन्म या उरलेल्यांमधला. आपण कोण आहोत हे घरात बोलायचे आणि बाहेर बोलायचे नाही, हा धडा अशा घरांतल्या मुलांना शाळेत जाण्याआधीच मिळत असे.

तो नऊ वर्षांचा असताना, 1934 साली, तुर्की संसदेने आडनावांचा कायदा केला. प्रत्येक नागरिकाने आडनाव घ्यायचे, असा हा कायदा. आणि पाठोपाठ आलेल्या नियमावलीने ‘यान’, ‘ओफ’, ‘विच’ यांसारख्या परकीय मानल्या गेलेल्या शेवटांना मज्जाव केला. आर्मेनियन आडनावांचा शेवट बहुतेक वेळा ‘यान’ असाच होतो, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. पुढे 1942च्या नोव्हेंबरात ‘संपत्ती कर’ आला. कायद्याच्या मजकुरात धर्माचा उल्लेख नव्हता, आकारणी मात्र धर्म पाहून झाली. मुसलमान व्यापाऱ्याच्या कितीतरी पट कर शेजारच्या आर्मेनियन, ग्रीक किंवा ज्यू व्यापाऱ्यावर बसला. ज्यांना तो भरता आला नाही त्यांच्या दुकानांचा आणि घरातल्या सामानाचा लिलाव झाला, आणि त्यानंतरही बाकी राहिलेल्यांना एर्झुरूमजवळ अश्कालेच्या छावणीत बर्फ उपसायला व दगड फोडायला पाठवण्यात आले. हा कर 1944 साली रद्द झाला खरा, पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

एवढ्यावर भागले असते तर गोष्ट वेगळी होती. हाझिनसेस 1950च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रपटांत आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1955च्या 6 आणि 7 सप्टेंबरला, ग्रीसमधल्या थेसालोनिकीत तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांच्या जन्मघरावर बॉम्ब टाकला गेल्याची बातमी भडक स्वरूपात पसरवून इस्तंबूलमध्ये जमाव रस्त्यावर उतरवला गेला. मुख्य रोख ग्रीकांवर होता, तरी आर्मेनियन आणि ज्यू लोकांची दुकाने, घरे आणि प्रार्थनास्थळेही सुटली नाहीत. बेयोअलू भागातल्या इस्तिक्लाल रस्त्यावर फोडलेल्या दुकानांतले कापडाचे ठाण, फर्निचर आणि फ्रीज यांचा खच पडल्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. येशिलचाम ही याच रस्त्याला लागून असलेली गल्ली. म्हणजे ज्या वाटेने नट आणि तंत्रज्ञ रोज निर्मात्यांच्या कचेऱ्यांत जात, नेमक्या त्याच वाटेवर ही तोडफोड झाली. नुकताच जम बसू लागलेला, मागे कोणतेही घराणे नसलेला दियारबाकिरचा एक नट या शहरात ‘सामुएल उलुचयान’ अशी पाटी लावून का फिरला नाही, असा प्रश्न यानंतरही कोणाला पडत असेल तर त्याला मी काय सांगावे!

आता त्यांच्या कामाविषयी. येशिलचामचा कारखाना अफाट होता. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एकेका वर्षात 300च्या आसपास चित्रपट तयार होत. एवढे चित्रपट नायक-नायिकांच्या चार-दोन जोड्यांवर निघत नाहीत. ते चालतात ते बंगल्यातला माळी, खानावळीतला पोऱ्या, गावचा भोळा हमाल, नायकाचा कफल्लक शेजारी अशा माणसांवर, आणि हाझिनसेस ही माणसे वर्षानुवर्षे उभी करत राहिले. किडकिडीत अंगकाठी, ओठांवर मिशी, चेहऱ्यावर सदा गोंधळल्याचा भाव. हशा पिकवण्यासाठी त्यांना मोठ्या संवादांची गरज लागत नसे. पटकथेत अशा पात्राला पुष्कळदा नावही नसते. प्रेक्षकाला मात्र तो चेहरा घरातल्या माणसासारखा ओळखीचा झालेला असतो, आणि चरित्र अभिनेत्याची खरी मिळकत ती हीच. बहुतेक चित्रपट मुके चित्रित होत आणि आवाज नंतर स्टुडिओत भरला जाई, कित्येकदा दुसऱ्याच कोणाचा. मोठमोठ्या ताऱ्यांचाही आवाज जिथे उसना असे, त्या धंद्यात उसने नाव ही काही आक्रीत गोष्ट नव्हती. फरक एवढाच, की ताऱ्यांनी नाव बदलले ते झळाळीसाठी आणि यांनी बदलले ते निभावून नेण्यासाठी.

यात हाझिनसेस एकटे नव्हते. खलनायकी भूमिकांनी गाजलेले केनान पार्स हे जन्माने किर्कोर जेझ्वेजियान. लठ्ठ, चिडक्या श्रीमंत म्हाताऱ्याच्या भूमिकांत हसवणारे वाही ओझ हेही आर्मेनियनच. अभिनेत्री तोतो काराजा, म्हणजे तुर्की रॉक संगीतातले मोठे नाव असलेल्या जेम काराजा यांच्या मातोश्री, या मूळच्या इर्मा फेलेक्यान. आणि मुळात इस्तंबूलमध्ये तुर्की भाषेतली आधुनिक व्यावसायिक रंगभूमी उभी केली तीच ग्युल्लू आगोप ऊर्फ हागोप वार्तोव्यान या आर्मेनियन माणसाने. 1870 साली त्याच्या नाटक मंडळीला तुर्की नाटके करण्याचा दहा वर्षांचा मक्ता मिळाला होता. ज्या कलेचा पाया आपल्याच लोकांनी घातला, तिच्यात काही पिढ्यांनी नाव बदलून शिरावे लागावे, हा दैवदुर्विलास लेखकाच्या नजरेतून सुटायला नको होता.

अर्थात सर्वांनीच नाव बदलले असेही नाही, आणि इथे नुबार तेर्झियान यांची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. येशिलचामचे हे प्रेमळ काका किंवा आजोबा. चारशेहून अधिक चित्रपटांत त्यांनी काम केले. कागदोपत्री त्यांचे आडनाव आल्यानाक असे होते, पण पडद्यावर त्यांनी तेर्झियान हेच नाव ठेवले. म्हणजे हाझिनसेस यांच्या अगदी उलट. 1979च्या जून महिन्यात तुर्की चित्रसृष्टीचा ‘बिनमुकुटाचा राजा’ म्हणवला जाणारा नायक आयहान इशक अकाली गेला. तेर्झियान यांनी वर्तमानपत्रात शोकसंदेश छापून आणला आणि चित्रपटांतल्या नात्याला धरून, जिव्हाळ्याने, त्याखाली ‘तुझा काका’ म्हणून सही केली. झाले! इशक यांच्या कुटुंबाने लगोलग वर्तमानपत्रातच खुलासा प्रसिद्ध केला, की दिवंगतांचे नुबार तेर्झियान यांच्याशी कोणतेही नाते नाही. इशक यांचे मूळ आडनाव इशियान असे होते आणि त्यातल्या शेवटामुळे लोक भलताच अर्थ काढतील, ही धास्ती त्यामागे होती असे मानले जाते. त्या कुटुंबाला दोष देणे सोपे आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की सर्वांना हवाहवासा वाटणारा, उघडपणे आर्मेनियन नाव लावणारा, साऱ्या देशाचा लाडका ‘काका’देखील खरोखरीच्या नात्याच्या नुसत्या शंकेने नकोसा झाला. हाझिनसेस यांनी हा खुलासा वाचला असेलच. त्यातून त्यांनी काय बोध घेतला असेल, हे कोणी फोड करून सांगायला नको.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही ती बाजू संगीताची. हाझिनसेस गीते लिहीत आणि त्यांना चालीही लावत. ही गाणी इतरांच्या आवाजात पोहोचली. गायकाचे नाव लोकांच्या ओठी राहते आणि रचनाकाराचे मागे पडते, त्यामुळे ज्यांना त्यांचा चेहरा ठाऊक होता त्यांतल्या अनेकांना हा विनोदी नट संगीतकारही आहे याची कल्पना नसे. या संगीतामागे मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इस्तंबूलच्या हाम्पार्सुम लिमोंजियान यांनी स्वरलेखनाची एक पद्धत तयार केली. मुखोद्गत असलेल्या आणि म्हणून विस्मरणात जाऊ शकणाऱ्या ऑटोमन दरबारी संगीताच्या असंख्य रचना त्या लिपीमुळे टिकल्या. व्हायोलिनवादक ताट्योस एफेंदी यांच्या रचना आजही तुर्की शास्त्रीय संगीताच्या मैफलीत वाजतात. उद या तंतुवाद्याचे जन्मांध वादक ह्रांत केनकुल्यान, ज्यांना सगळे ‘उदी ह्रांत’ म्हणत, ते विसाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूल रेडिओवरून ऐकू येत आणि पुढे अमेरिकेतही त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. तुर्की पॉप संगीताचा चेहरामोहरा बदलणारे ओन्नो तुंच, म्हणजे ओहान्नेस तुंचबोयाजियान, 1996 साली विमान अपघातात गेले. हाझिनसेस या रांगेत फार वरच्या जागी बसतात असे मी म्हणणार नाही. ते पंडिती घडणीचे नव्हते, लोकांच्या तोंडी सहज बसेल अशा दर्दभऱ्या गाण्याचे कारागीर होते. पण दिवसा पडद्यावर फजिती करून घेणारा माणूस गाण्यात मात्र मुक्या दुःखाची भाषा बोलत होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळली तर मागे केवळ विदूषक उरतो.

2002च्या ऑगस्टमध्ये इस्तंबूलमध्ये त्यांचे निधन झाले. अंत्यविधी चर्चमध्ये झाला आणि बहुसंख्य प्रेक्षकांना तेव्हा कुठे कळले, की आपला सामी आर्मेनियन होता. यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: 1955 समजू शकते, पण शतक उलटल्यावरही नाव सांगायला काय हरकत होती? हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. 1996 पासून इस्तंबूलमध्ये ‘अगोस’ हे आर्मेनियन आणि तुर्की अशा दोन्ही भाषांतले साप्ताहिक उघडपणे निघू लागले होते, आणि आर्मेनियन माणसाने तुर्की समाजापुढे स्वतःच्या ओळखीनिशी उभे राहावे हाच त्याचे संपादक ह्रांत दिंक यांचा आग्रह होता. त्या आग्रहाचे मोल दिंक यांनी 19 जानेवारी 2007 रोजी चुकवले. ‘अगोस’च्या कचेरीबाहेर, भरदिवसा, त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. हाझिनसेस यांच्या मृत्यूला तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. म्हातारपणीही सावध राहिलेल्या त्या नटाचा अंदाज चुकला होता असे म्हणायला मी तरी धजावणार नाही.

याच्या नेमके उलट टोकही अलीकडे दिसते. अमुक नट ‘खरा’ आर्मेनियन, तमुक नटीची आई आर्मेनियन, अशा याद्या करून नावांची लूट आपापल्या गोटात वाटून घेण्याची हौस दोन्ही बाजूंना आहे. त्यातही या माणसाच्या पदरी काही पडत नाही. दियारबाकिरच्या आर्मेनियन घरात जन्मलेला, तुर्कीत हसवणारा आणि तुर्कीतच गाणी रचणारा हा कलावंत होता. यातला एक अर्धा ठेवून दुसरा गाळण्याचा अधिकार ना तेव्हाच्या नियमावलीला होता, ना आजच्या यादीकारांना आहे.

म्हणून विनंती एवढीच, की या लेखमालेचा पुढचा भाग येईल तेव्हा त्यात हाझिनसेस यांचे दोन्ही नावांनिशी, गीतकार आणि संगीतकार या उल्लेखासह टिपण यावे, आणि ‘गुपित’ हा शब्द मागे घेण्यात यावा. जागा उरली तर नुबार तेर्झियान यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा. त्यांच्या शोकसंदेशाला उत्तर म्हणून आलेला तो खुलासा एका वर्तमानपत्राच्याच पानावर छापला गेला होता, तेव्हा त्याची दखल घेण्याचे काम वर्तमानपत्राने करणे उचित ठरेल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक