जर्सी आहे, पण

फिलाडेल्फियाजवळ,
20 जानेवारी 2025

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले आणि मी नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो. त्याबद्दल आधी मनसोक्त शिव्या घालून घे. आज मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी आहे, दारात कालचा बर्फ तसाच पडलाय आणि फावडं हातात घ्यायचं टाळायला तुला पत्र लिहिणं हा उत्तम बहाणा आहे. काल ह्याच बर्फात अमेरिकन फुटबॉलमधल्या आमच्या ईगल्सनी रॅम्सना 28-22 असं काढलं. शेवटच्या क्वार्टरला सेकॉन बार्कली 78 यार्ड पळत सुटला तेव्हा मी ओरडलो नाही. सवयीने मूठ तोंडात घातली. ही सवय कशी लागली ते पुढे येईलच.

तू लिहिलंस, "ती मरून जर्सी अजून आहे का रे? रोहनचं ऑगस्टमध्ये ब्लॅक्सबर्गला, आपल्या व्हर्जिनिया टेकला, जायचं नक्की झालंय, त्याला ओरिजिनल सात नंबर पाहिजे." खाली मायकल व्हिक, आपला तो सात नंबर, नॉरफोक स्टेट कॉलेजचा मुख्य कोच झाल्याची बातमी चिकटवलीस आणि पुढे एवढंच, "बघ!" तुझ्या त्या 'बघ'मध्ये काय काय आहे ते मला इथे बसून ऐकू येतं. बघ, माणूस सावरला. बघ, तू उगाच सतरा वर्षं तोंड फुगवून बसलास.

जर्सी आहे. पण लगेच पोस्टात टाकायचं होईना, म्हणून हे पत्र.

तुला ती रात्र आठवते का, 27 ऑगस्ट 2000? आपण दोघं येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. एप्रिलमध्ये क्रोनिएने पैसे खाल्ल्याची कबुली दिल्यापासून तू क्रिकेटवर रुसलेला. "आता असा खेळ बघू, ज्यात कोणी पैसे खाल्ले तरी आपल्याला कळणार नाही," हे तुझंच वाक्य. लेन स्टेडियमच्या बाहेर ते टर्कीचे भलेमोठे तंगडे विकत होते, तू शाकाहारी, तरी वासाने दोनदा वळून बघितलंस. जॉर्जिया टेकविरुद्धचा सामना, पहिली किक झाली आणि आभाळ फाटलं. विजा अशा कडाडत होत्या की ईएसपीएनच्या ली कोर्सोच्या भाड्याच्या गाडीवरच एक पडली. आपण वेड्यासारखे भिजत उभे. शेवटी सामना रद्द. एक किक बघायला दोन सांगलीकर तीन तास पावसात! आणि तरी परत येताना तू म्हणालास, "त्या सात नंबरला नुसता वॉर्मअप करताना बघितलं, पैसे वसूल."

खरंच होतं ते. मनगटाचा नुसता झटका, आणि बॉल साठ यार्ड. दुसऱ्या दिवशी आपण बुकस्टोअरमधून एकेक जर्सी घेतली. पाठीवर नाव नाही, नुसता आकडा. तेव्हा कॉलेजच्या खेळाडूंना जर्सीच्या विक्रीतलं काही मिळत नसे. म्हणजे वीस वर्षांच्या पोराच्या अंगावरचा आकडा आपण विकत घेतला आणि पैसे गेले तिसऱ्याच्याच गल्ल्यात. त्या वयात आपल्या डोक्यातही हे आलं नाही. तुझी जर्सी काकूंनी पुढे सांगलीत दिवाळीच्या साफसफाईत वापरली, हे तूच सांगितलंस. माझी वाचली.

2001 ला अटलांटाच्या टीमने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यात, अगदी पहिला उचलला. 2003 च्या जानेवारीत तो ग्रीन बेच्या पॅकर्सकडे जाऊन त्यांच्याच बर्फात त्यांना 27-7 असं मारून आला. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, पॅकर्स तोवर घरच्या मैदानावर कधी हरलेच नव्हते. 2006 ला एका हंगामात हजार यार्ड पळणारा तो पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा गडी. मी तेव्हा इकडे फिलाडेल्फियाला आलो होतो, पण रविवारी आधी अटलांटाचा स्कोअर बघायचो. मनीषा म्हणायची, घर इथं आणि जीव दुसऱ्याच गावात.

आणि मग 2007. व्हर्जिनियातल्या सरी काउंटीतलं त्याचं ते आवार. पन्नासच्या वर पिटबुल. कुत्र्यांच्या झुंजी, त्यावर पैजा. सुन्या, पैजांचं मी समजू शकतो, आपल्याकडेही कोंबड्यांच्या झुंजी लपूनछपून होतातच. पण लढाईच्या कामाची नसलेली कुत्री त्यांनी फासावर टांगून, पाण्यात बुडवून मारली. हे मी कुठल्या चॅनेलवरच्या आरडाओरड्यातून सांगत नाही, त्याने स्वतः सही करून कोर्टात दिलेल्या कबुलीजबाबात आहे. त्याच्या आधी एनएफएल लीगच्या कमिशनर गुडेलच्या तोंडावर तो "माझा काही संबंध नाही" म्हणून आला होता. डिसेंबरात 23 महिन्यांची शिक्षा झाली. त्या रात्री मी जर्सी एका पिशवीत घातली आणि पिशवी माळ्यावर. तुला तेव्हा फोनवर म्हणालो होतो, संपला आपल्यासाठी.

संपला कसला! 2009 च्या ऑगस्टमध्ये, नजरकैद संपून महिना व्हायच्या आत, त्याला घेतला कोणी तर माझ्याच गावच्या ईगल्सनी. ऑफिसातल्या एकीने बापाच्या काळापासून चालत आलेलं सीझन तिकीट सोडून दिलं. मी तिच्यासमोर मान डोलावली. पुढचं वर्षभर मी फार तत्त्वाचा माणूस होतो.

15 नोव्हेंबर 2010, सोमवार, वॉशिंग्टनला सामना. पहिल्याच प्लेला डेशॉन जॅक्सनला 88 यार्डांचा पास, बॉल थेट शेवटच्या रेषेपार, टचडाउन. पहिला क्वार्टर संपला तेव्हा 28-0. त्या रात्री व्हिकने 333 यार्ड फेकले, चार टचडाउन हाताने, दोन पायाने, एकूण 59-28. आणि मी कोचावर उभा! हातात मनीषाने दिलेली उपम्याची बशी, उपमा गालिच्यावर. तिने आतून येऊन नुसतं बघितलं आणि म्हणाली, "ह्याच माणसाची पिशवी आहे ना वर?" मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

पुढच्या वर्षी सईने हट्ट केला म्हणून शेल्टरमधून कुत्रा आणला. कागदावर 'मिश्र जात' लिहिलेलं, पण जबडा बघून कोणीही सांगितलं असतं. डावा कान अर्धा. त्याचं आधीचं आयुष्य काय होतं कोणाला ठाऊक, कुठूनही फाटला असेल. नाव ठेवलं ढब्बू. हा ढब्बू इतका भित्रा, की टीव्हीसमोर मी एकदा ओरडलो तर जेवणाच्या टेबलाखाली जाऊन लघवी केली आणि तासभर बाहेर येईना. तेव्हापासून टचडाउन झाला की मी मूठ तोंडात घालतो. ढब्बू जाऊन दोन वर्षं झाली, मूठ अजून जाते.

आता तुझ्या 'बघ'कडे येतो. व्हिक सावरला हे मला मान्य आहे, आणि हे मी कुरकुरत म्हणत नाही. शिक्षा भोगली. कुत्र्यांच्या देखभालीसाठी 9 लाख 28 हजार डॉलर भरले. त्या कुत्र्यांतले बावीस युटामधल्या एका आश्रमात गेले, कित्येक तर लोकांच्या घरात सोफ्यावर झोपून म्हातारे झाले. दिवाळं काढल्यावर हात झटकायचा रस्ता होता, तो न घेता त्याने सावकारांचे जवळपास पावणेदोन कोटी डॉलर फेडले. शाळांतून पोरांपुढे उभा राहून काय केलं ते बोलला. आता नॉरफोकला, म्हणजे त्याच्या न्यूपोर्ट न्यूजपासून खाडीच्या पलीकडेच, पोरं घडवणार. घडवू दे.

माझं भांडण त्याच्याशी नाहीच. ते परतीचं दार कोणासाठी उघडतं आणि कोण उघडतं, त्याच्याशी आहे. व्हिकला संधी मिळाली ती पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. पश्चात्ताप झालेले हजारो तो होता त्या लेव्हनवर्थच्या तुरुंगात असतील. मनगटाचा झटका शाबूत होता, म्हणून मिळाली. 32 टीम आणि धड क्वार्टरबॅक पंधरासुद्धा नाहीत, ह्या दुष्काळात लीगची क्षमा पिकते.

पटत नसेल तर बाल्टिमोर रेव्हन्सच्या रे राइसचं बघ. 2014 ला त्याने होणाऱ्या बायकोला कॅसिनोच्या लिफ्टमध्ये ठोसा मारून बेशुद्ध पाडलं. लीगने आधी दोन सामन्यांची बंदी दिली. दोन! लिफ्टमधला व्हिडिओ बाहेर आला त्या दिवशी रेव्हन्सनी काढून टाकला, पुढे अपिलात बंदी उठलीसुद्धा, पण पुन्हा कोणी घेतला नाही. लोक म्हणतात, समाज जागा झाला. मी म्हणतो, तो रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी होता, आणि आदल्या हंगामात त्याचे पाय मंदावले होते. तोच पंचविशीतला क्वार्टरबॅक असता तर?

ह्या 'तर'चं उत्तर क्लीव्हलँडच्या ब्राउन्सनी देऊन ठेवलंय. क्वार्टरबॅक देशॉन वॉटसनवर मसाज करणाऱ्या वीसहून जास्त बायकांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले. त्याने सगळं नाकारलं, टेक्सासच्या दोन ग्रँड ज्युरींनी फौजदारी आरोप ठेवला नाही, बहुतेक दावे तडजोडीत मिटले. तेव्हा त्याला गुन्हेगार म्हणायचा मला अधिकार नाही आणि मी म्हणतही नाही. पण लीग आणि खेळाडूंची युनियन ह्यांनी मिळून नेमलेल्या माजी न्यायाधीश सू रॉबिन्सन ह्यांनी त्याने आचारसंहिता मोडली असं ठरवलं, आणि शेवटी 11 सामने बंदी अन् 50 लाख डॉलर दंड झाला. ते सोड. तू कॉन्ट्रॅक्ट बघ. ब्राउन्सनी तीन वर्षांचे ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीचे पिक देऊन त्याला आणला, पाच वर्षांचे 23 कोटी डॉलर, पै न् पै गॅरंटीड. आणि पहिल्या वर्षाचा मूळ पगार ठेवला जेमतेम दहा लाखांच्या वर. का? बंदी येणार हे दिसत होतं, आणि बंदीत कापतात तो मूळ पगार. एखाद्या सीएने नवीन गिऱ्हाइकाचा टॅक्स वाचवावा तसा टीमने त्याचा पस्तावा वाचवला. मला घाण वाटते ती ह्या हिशेबाची. वर नशीब असं, की तीन हंगामांत तो खेळला 19 सामने. आता टाचेची शीर तुटून घरी.

आणि सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक कॅपरनिक. त्याने कुत्रा मारला नाही, बाई मारली नाही. पोलिसांच्या हातून काळी माणसं मरतात म्हणून 2016 ला राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिला. एका माजी सैनिकाने सांगितलं, बसण्यापेक्षा गुडघा टेक, त्यात मान राहतो. तर गुडघा टेकला. त्या हंगामात टीम भिकार, पण ह्याचे 16 टचडाउन पास आणि फक्त 4 इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी मधेच पकडलेले पास. वय 29. त्यानंतर एकाही टीमने घेतला नाही. त्याने लीगवर तक्रार केली, 2019 ला गुपचूप तडजोड झाली. म्हणजे मनगट शाबूत असूनही दार बंद राहू शकतं, फक्त तसं वागणं वेगळ्या जातीचं लागतं. इथे आपल्या मंडळातले दोघं-तिघं मला अजून सांगतात, "राजकारण मैदानाबाहेर ठेवावं." तेच व्हिकच्या वेळी म्हणत होते, "मैदानाबाहेरचं आपल्याला काय करायचंय?" एकाच तोंडाने, एकाच चिवड्याच्या प्लेटवर.

ह्या सगळ्यात मी कुठे बसतो? कोचावर, उपमा सांडत. मालक लोक कॉन्ट्रॅक्ट लिहितात ते माझ्यासारख्याचा अंदाज घेऊनच. त्यांना ठाऊक असतं, पहिल्या 88 यार्डांत ह्याचं तत्त्व गालिच्यावर येणार.

सई आता ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सची भक्त आहे. कॉलेजात टीम बदलून गेला, खेळता खेळता मास्टर्स पुरं केलं, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. "बाबा, हा चांगला माणूस आहे," म्हणते. मी म्हटलं, बाई, आपण ह्याला ओळखत नाही. आपल्याला त्याचा फक्त हात माहीत आहे. ती रागावली. विसाव्या वर्षी मलाही कोणी हे सांगितलं असतं तर मीही रागावलोच असतो, आणि तूही.

काल रात्री माळ्यावर चढून पिशवी काढली. मरून रंग तसाच आहे, बाहीवर आपल्या पहिल्या आठवड्यातल्या फोडणीचा हळदीचा डाग. सुंदर दिसते रे अजून, हेच तर लफडं आहे. मनीषाने हात फिरवला आणि म्हणाली, धुऊन टाकू का? नको म्हटलं.

तर असं करू. पोस्टाने पाठवत नाही. रोहनला म्हणावं, थँक्सगिव्हिंगला वसतिगृह रिकामं होतं, तेव्हा काकाकडे ये. मी स्वतः गाडी घेऊन ब्लॅक्सबर्गला येतो त्याला न्यायला, साडेसहा तासांचा रस्ता आहे, बोलायला पुरेसा. घरी आला की जर्सी त्याची. घालायची की नाही ते त्याचं तो बघेल.

पुढच्या रविवारी आमची गाठ पुन्हा वॉशिंग्टनशी, जिंकलो तर सुपर बोल, म्हणजे फायनल. तुझ्याकडे पहाटे असेल, फोन करू नकोस, मी मूठ तोंडात घालून बसलेला असेन. काकूंना नमस्कार, गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलंय ते कळव. वहिनींना सांग, मेतकूट संपलं.

आणि रोहनच्या बॅगेत एक चांगला रेनकोट टाक. लेन स्टेडियमला अजून छत नाही.

तुझा,
अव्या